जीपार्टेड (डिस्कचे भाग म्हणजे पार्टिशनं पाडणारा लिनक्समधला प्रोग्रॅम) अख्खी डिस्क रिकामी दाखवतोय?

आधी एक करा: नवीन पार्टिशन टेबल (कोणतं पार्टिशन कुठून कुठपर्यंत आहे याची डिस्कवरची नोंद) बनवू नका! विंडोज नीट सुरू होत असेल तर डेटा जागेवरच आहे, फक्त टेबलातले आकडे एकमेकांत घुसले असावेत. लाइव्ह लिनक्समधून (इन्स्टॉल न करता चालणारं लिनक्स) एसएफडिस्क या कमांडने टेबलाची प्रत पेनड्राइव्हवर घ्या, मग एफडिस्क या कमांडने पार्टिशनांची यादी बघा. पहिलं पार्टिशन 206847 सेक्टरला (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा, क्रमांक असलेला तुकडा) संपत असेल तर पुढचं 206848 किंवा त्यानंतरच सुरू व्हायला हवं. (एक्स्टेंडेड हे इतर पार्टिशनं सामावणारं पार्टिशन; लॉजिकल पार्टिशनं त्याच्या पोटातच असतात, ती चूक नव्हे.) डिस्कवर एकूण 976773168 सेक्टर असतील तर मोजणी शून्यापासून, म्हणून शेवटचा 976773167. एखादं पार्टिशन त्यापलीकडे गेलं तरी जीपार्टेड सगळं टेबलच नाकारतो. जीपीटी आणि एमबीआर हे पार्टिशन टेबलाचे दोन प्रकार; जुन्या जीपीटीचे अवशेष एमबीआर डिस्कवर राहिले असतील तर ते फिक्सपार्ट्स हा प्रोग्रॅम काढतो.