व्हीलचेअरचा रॅम्प सुरक्षित आहे का, हे घरच्या घरी कसं तपासायचं?

सगळ्यात आधी उतार मोजा: चढायच्या उंचीच्या किमान 12 पट आडवी लांबी हवी, म्हणजे 50 सेंटीमीटर उंचीला 6 मीटर. 1:12 हे प्रमाण अनेक देशांच्या बांधकाम नियमांत आहे, कारण याहून चढ तीव्र असला तर स्वतः खुर्ची ढकलणाऱ्याचे हात भरून येतात आणि उतरताना वेग आवरत नाही. मोजायला सोपं आहे. 1.2 मीटरची सरळ फळी रॅम्पवर टेकवा, स्पिरिट लेव्हलने (बुडबुडा मधोमध आला की सपाटी दाखवणारं साधन) आडवी करा. उताराच्या खालच्या बाजूच्या टोकाशी फळी आणि रॅम्पमध्ये 10 सेंटीमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर उतार जास्त आहे.

मग पृष्ठभागावर पाणी ओता आणि चपलेचा तळवा दाबून घासून बघा. गुळगुळीत फरशी कोरडी असताना फसवते, हे कृपया विसरू नका.

- दोन्ही बाजूंना कठडा, आणि चाक घसरून बाहेर जाऊ नये म्हणून कडेला उंचवटा
- वर दारापाशी साधारण 1.5 मीटर सपाट जागा

मात्र 1:12 ही कमाल मर्यादा आहे. हातात ताकद कमी असेल तर 1:16 किंवा 1:20 ठेवा.