परदेशात मानववंशशास्त्र शिकायचं आहे. दापोलीत राहून फील्डवर्कची सुरुवात कशी करू?

तुम्ही बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहात आणि फील्डवर्क एकही केलेलं नाही, असं लिहिलंय. मग दापोलीजवळच्या हर्णै बंदरापासूनच सुरुवात करा. 'मला संस्कृतीची आवड आहे' एवढ्यावर अर्ज उभा राहत नाही; एका जागी दोन-तीन महिने नीट केलेल्या कामाने राहतो.

जायचे दिवस पंचांग बघून ठरवा. आजूबाजूला डोल जाळीचं (समुद्रात एका जागी बांधून ठेवायच्या पिशवीसारख्या जाळीचं) गाव निवडलंत, तर ती जाळी भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात कोणाला बोलायला सवड नसते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो, तेव्हा तीच माणसं जाळी शिवत बसलेली भेटतात आणि हात चालू ठेवून मोकळेपणी बोलतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते; वंशावळी, घरांचे नकाशे, वाट्याचे हिशेब तेव्हा उरका.

बंदरावरच्या मासळीच्या लिलावात पहिला आठवडा वही काढू नका. वही दिसली की तुम्ही सरकारी माणूस ठरता आणि कोणी खरा भाव सांगत नाही. नुसतं बघा: बोली कोणाच्या शब्दावर थांबते, टोपली उधारीवर कोणाला मिळते. मग त्याच रात्री लिहा. तासाभराचं पाहिलेलं लिहायला दोन-तीन तास जातात; तेवढा वेळ राखला नाही की नोंदी तुटक राहतात. शब्द लोकांचेच ठेवा. कॉलेजचं मराठीतलं पत्र मच्छीमार सोसायटीत आधी द्या, रेकॉर्डिंगची परवानगी मात्र ज्याची त्याला, दर वेळी विचारा.

पैशांचं बघताना अटी आधी वाचा. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. अमेरिकेत संशोधनासाठी मिळणारी फुलब्राइट-नेहरूची डॉक्टरेट फेलोशिप भारतात पीएच.डी.ला आधीच नोंदणी असलेल्यांसाठी आहे. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती वगैरेंसाठीच्या केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीने २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषय वगळले. कोकणातल्या कोळीवाड्यावरचा विषय घेऊन गेलात तर अर्ज तिथेच अडतो. मला ही अट अन्यायाची वाटते, पण अर्ज करताना त्या वर्षीची नियमावली ओळ न ओळ वाचाच.

आणखी एक. परदेशी विद्यापीठात नीतिसमितीची (संशोधनात माणसांशी नीट वागलं जातं का, हे तपासणाऱ्या समितीची) मंजुरी मिळण्याआधी घेतलेल्या मुलाखती सहसा प्रबंधात घेता येत नाहीत. आत्ताच्या मुलाखती तारीख आणि संमतीसह वेगळ्या वहीत ठेवा.