प्रार्थना करूनही शांती मिळत नाही, तेव्हा

“मी रोज प्रार्थना करते, वचन वाचते, उपासनेला जाते, तरीही मनाला शांती नाही. माझा विश्वासच कमी पडतो का?” समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती व्यक्तींकडून हा प्रश्न मी नेहमी ऐकते. हे विचारणाऱ्यांचा विश्वास बहुधा कमी नसतो. उलट, देवासमोर वरवरचे बोलणे त्यांना जमत नाही, इतका तो प्रामाणिक असतो. आणि आजूबाजूची प्रेमळ माणसे नेमके तेच करायला त्यांना सांगत असतात. अशाच एका बाईंचा अनुभव त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे सर्व तपशील बदलून, येथे मांडत आहे.

त्या पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. अंथरुणाला खिळलेल्या आईची शुश्रूषा त्यांनी कित्येक वर्षे एकटीने केली होती आणि आईच्या निधनाला आठ महिने झाले होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आईची कूस रात्रीतून दोनदा बदलावी लागे. त्यासाठी मोबाइलवर लावलेला गजर त्यांनी अजून बंद केलेला नव्हता. तो वाजला की त्या उठून बसत आणि पुन्हा झोप येईपर्यंत उजाडे.

सोबत त्यांनी एक वही आणली होती. “रोज दहा आशीर्वाद लिहून काढ, मन आपोआप हलके होईल,” असा सल्ला त्यांना कोणीतरी दिला होता. पहिल्या पानांवर वळणदार अक्षरात ‘आरोग्य, घर, अन्न, मंडळी’ असे लिहिलेले होते. पुढच्या पानांवर तेच शब्द त्याच क्रमाने येत गेले आणि काही आठवड्यांनी तारखेपुढे केवळ ‘वरीलप्रमाणे’ एवढाच शब्द उरला. ती पाने त्यांनी मला अपराध्यासारखी दाखवली. माझ्या दृष्टीने मात्र त्या वहीतील सर्वांत खरा शब्द तोच होता.

आभारांची नोंद ठेवणे निरुपयोगी आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठवड्यातून एकदा आभाराच्या गोष्टी लिहिणाऱ्या गटाने आपल्या आयुष्याविषयी इतरांपेक्षा अधिक समाधान नोंदवले होते. परंतु त्या अभ्यासातील बहुतेक सहभागी विद्यार्थी होते, नुकतेच कोणाला मातीआड करून आलेले शोकाकुल लोक नव्हते. शोक करणाऱ्या माणसाला आभारांची यादी सोपवली, की बरेचदा ती त्याच्या तोंडावर ठेवलेला हात ठरते.

या बाईंना काय बोलता येत नव्हते, ते कळायला काही भेटी जाव्या लागल्या. “आई गेली त्या रात्री मला गाढ झोप लागली,” असे त्या एके दिवशी म्हणाल्या आणि बराच वेळ रडल्या. आईच्या मृत्यूने आपल्याला सुटका वाटली, ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितलेली नव्हती. आई बरी व्हावी म्हणून वर्षानुवर्षे केलेली प्रार्थना देवाने ऐकली नाही, हा रागही त्यांनी आत दाबून ठेवला होता. देवाला हे ठाऊक आहे, हे त्या जाणून होत्या. परंतु त्याच्याशी बोलताना या दोन्ही गोष्टी वगळून त्या उरलेल्याबद्दल आभार मानत होत्या. अशा प्रार्थनेत मन विसावणार कसे?

येथे मी त्यांच्यासमोर पवित्र शास्त्रच उघडले. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांमध्ये विलापाची स्तोत्रे फार मोठ्या संख्येने आहेत. तेरावे स्तोत्र अवघ्या सहा वचनांचे आहे. त्यातील पहिल्या दोन वचनांत स्तोत्रकर्ता ‘कोठवर?’ असे देवाला चार वेळा विचारतो आणि त्यानंतरच अखेरच्या वचनात गाण्यापर्यंत पोहोचतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, तिथे शेवटी कोणतेही समाधान जोडलेले नाही, तरीही ते प्रार्थना म्हणून जपले गेले. परमेश्वराची दया रोज सकाळी नवी होते, हे वचन आपण मोठ्या प्रेमाने भिंतीवर लावतो. पण ते विलापगीत या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातील आहे. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेमचा विध्वंस झाला, त्या शोकातून हे पुस्तक जन्मले. त्याच अध्यायात थोडे आधी, आपण धावा करतो तरी देव आपली प्रार्थना अडवून धरतो, अशी उघड तक्रार आहे. ती तक्रार वगळून पुढचे वचन उचलले, तर त्यातला आधारच नाहीसा होतो.

फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातील ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ हे वचन त्यांना इतक्यांनी ऐकवले होते की ते कानावर पडताच त्या मान खाली घालत. हे पत्र लिहिताना प्रेषित पौल स्वतः बंदिवासात होता. त्याच पत्रात, आपला सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला नसता तर आपल्यावर दुःखावर दुःख कोसळले असते, असे तो मोकळेपणाने लिहितो. म्हणजे शांतीचे अभिवचन देणारा हा माणूस दुःख लपवणारा नव्हता. शिवाय तेथे सर्व गोष्टी प्रार्थनेत देवाला कळवण्यास सांगितले आहे, आणि ‘सर्व’ म्हटल्यावर त्या रात्रीची झोपही आली आणि रागही आला. हे ऐकून त्या थोड्या वेळाने म्हणाल्या, “म्हणजे हे मी त्याला सांगू शकते?”

त्यांनी वहीचे नवे पान उघडले आणि देवाला उद्देशून स्वतःचे विलापस्तोत्र लिहिले. ते मी येथे देणार नाही. ते त्यांचे आणि देवाचे आहे.

दुसरे काम शरीराचे होते. अनेक महिने अपुऱ्या झोपेवर जगणाऱ्या माणसाकडून शांत चित्ताची अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते. राजांच्या पहिल्या पुस्तकातील एकोणिसाव्या अध्यायात थकलेला, मरण मागणारा संदेष्टा एलीया झुडुपाखाली झोपतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. तो त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो आणि पुन्हा खायला घालतो. होरेब पर्वतावर देवाशी होणारे त्याचे संभाषण त्यानंतरचे आहे. बाईंना मी डॉक्टरांकडे पाठवले आणि झोपेवर उपचार सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घकालीन शोकविकाराची स्वतंत्र नोंद आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्र शोकामुळे रोजचे जगणे ठप्प झाले असेल, तर तज्ज्ञांकडे जावे. मरणाचे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबू नये. औषध घेणे म्हणजे देवावरचा भरवसा सोडणे, असे मानणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही.

आभार पुन्हा आले ते यानंतर, आणि तेही हळूहळू. सोळाव्या शतकातील ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांनी शिकवलेल्या आत्मपरीक्षणाच्या प्रार्थनेची सुरुवात देवाच्या आभारांनी होते आणि मग दिवसाकडे वळून पाहिले जाते. तिचा एक छोटासा भाग आम्ही घेतला: रात्री दिवस आठवायचा, त्यात खरोखर घडलेली एकच गोष्ट निवडायची आणि काही सापडले नाही तर तसेही देवाला सांगायचे. काही दिवस ‘आज काही नाही’ असेच लिहिले गेले. मग एका रात्री त्यांनी लिहिले, ‘आईच्या औषधांचा डबा रिकामा केला. झाकणावर तिच्यासाठी मी लिहिलेले मोठे अक्षर दिसले. मी तिची नीट काळजी घेतली होती. त्याबद्दल आभार.’ ‘आरोग्य, घर, अन्न’ या शब्दांपेक्षा हे किती वेगळे आहे, हे मला त्यांना समजावून सांगावे लागले नाही.

अंतरात्मा दिवसेंदिवस नवा होत असतो, असे पौल करिंथकरांना लिहितो, आणि माझ्या अनुभवात नवीकरणाचा वेग खरोखरच एवढाच असतो. या बाईंचे काही दिवस आजही जड जातात. आईच्या वाढदिवसाच्या आसपास त्या उपासनेत गात नाहीत, फक्त बसून राहतात, आणि त्याचा अपराधीपणा आता त्यांना वाटत नाही. मध्यंतरी त्यांच्या मंडळीतील एका तरुण स्त्रीवर अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांच्या शुश्रूषेची जबाबदारी आली. बाई तिच्या घरी गेल्या, पण आशीर्वाद मोजायला त्यांनी तिला सांगितले नाही. “आठवड्यातून दोन रात्री मी इथे थांबेन, तू झोप, आणि देवाचा राग आला तर तो त्यालाच सांग,” असे त्या तिला म्हणाल्या.