लपणे, दबा धरणे, अंग चोरणे

‘हाइड, लर्क, प्राउल, स्लिंक, स्कल्क, स्टील आणि स्नीक या सगळ्यांपुढे शब्दकोशात लपणे किंवा लपतछपत जाणे असेच काहीसे दिसते, मग अनुवाद करताना काय लिहावे?’ असा प्रश्न एका अनुवादक मैत्रिणीने विचारला आहे. माझ्या मते अशा वेळी लपणाऱ्याचा हेतू काय आणि तो कृत्याच्या आधी लपला आहे की नंतर, हे पाहिले की शब्द आपोआप सुचतो.

‘हाइड’ला हेतूचे बंधन नाही, म्हणून तेथे ‘लपणे’ किंवा ‘दडणे’ पुरते. ‘लर्क’ म्हणजे काही घडण्याआधी एका जागी दबा धरून बसणे. मात्र कर्ता माणूस नसून धोका असेल, तर ‘दडलेला असणे’ हेच बरे. ‘प्राउल’मध्ये सावजाच्या शोधात फिरणे आहे. त्यासाठी ‘घिरट्या घालणे’ वापरतात खरे, पण घार उघड्या आकाशात घिरट्या घालते, त्यामुळे मूळ शब्दातला चोरटेपणा निसटतो. तेथे ‘सावज हेरत दबकत फिरणे’ असे लांबण लावलेले मला अधिक योग्य वाटते. ‘स्लिंक’ बहुधा कृत्यानंतरचा असतो. ओरडा खाल्लेला कुत्रा अंग आक्रसून, भिंतीच्या कडेने निघून जातो, ते ‘स्लिंक’. ‘शेपूट घालून जाणे’ हा आपला वाक्प्रचार त्याच दृश्यातून आला आहे. ‘काढता पाय घेणे’ यात शरम नाही, धोरण आहे, म्हणून ते येथे चालणार नाही.

‘स्कल्क’ हा शब्द स्कँडिनेव्हियन भाषांतून इंग्रजीत आला आणि त्याचा स्वीडिश भाऊबंद ‘स्कोल्का’ आजही शाळा बुडवण्यासाठी वापरला जातो. दडून राहण्याबरोबर काम टाळण्याची छटा त्यात होती, हे कळल्यावर ‘अंग चोरणे’ चटकन आठवते.

सर्वांत रमावे असा शब्द ‘स्टील’ (steal), म्हणजे चोरणे आणि चाहूल न लागू देता जाणेही. ‘हील’शी (heal, बरे करणे) जसा ‘हेल्थ’, तसा ‘स्टील’शी ‘स्टेल्थ’ जोडलेला आहे. ‘स्टेल्थ’चा जुना अर्थ प्रत्यक्ष चोरीच होता, पुढे चोरी गळून पडली आणि नुसती चाहूल न लागू देणे उरले. लॅटिनमध्ये चोराला ‘फुर’ म्हणत, त्यावरून ‘फर्टिव्ह’, म्हणजे चोरटा, हा इंग्रजी शब्द आला. मराठीनेही अगदी हेच केले आहे: चोरपावले, चोरवाट, चोरकप्पा, चोरटा कटाक्ष यांपैकी कशातही कोणाचे काही चोरीला जात नाही. निजलेल्या बाळाच्या खोलीत आई ‘स्टील’ करते, तेव्हा ती ‘चोरपावलांनी’ येते. तेथे ‘चोरून’ लिहिले, तर आईवर उगाच आळ येतो.

‘स्नीक’मध्ये मात्र बहुतेक वेळा नापसंती असते, म्हणून ‘गुपचूप शिरणे’ किंवा ‘नजर चुकवून सटकणे’. त्याचे ‘स्नक’ हे भूतकाळी रूप अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रुळू लागले, तरी औपचारिक लेखनात ‘स्नीक्ड’ अधिक सुरक्षित. रबरी तळव्याच्या बुटांना ‘स्नीकर’ हे नाव मिळाले, तेही पाऊल वाजत नाही म्हणूनच.