पाण्याखालचे लोखंड

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. यांत्रिकी उपविभागात रुजू होऊन चार महिने झालेला कनिष्ठ अभियंता, ज्याच्याकडे एका धरणाच्या सगळ्या द्वारांची देखभाल सोपवलेली आहे, तो लिहितो की गेटचा वायर रोप हिरव्या पाण्यात उतरून वीतभर खाली जिथे दिसेनासा होतो त्या जागेकडे त्याला पाहवत नाही, तळहातांना घाम सुटतो आणि कठडा सोडून मागे सरकावेसे वाटते. कार्यालयात कोणालाही हे सांगितलेले नाही आणि नोकरी बदलावी की काय असा विचार मनात येतो, असेही तू लिहिले आहेस. राजीनाम्याचा मसुदा तूर्तास खणात ठेव आणि हे पत्र शांतपणे वाच.

या भीतीला इंटरनेटवर 'सबमेकॅनोफोबिया' असे नाव पडले आहे, ते तुला सापडले असेलच. माणसाने घडवलेली वस्तू पाण्यात बुडालेली दिसली की वाटणारी ही भीती आहे. मग ती बुडालेली बोट असो, बोयाची साखळी असो, की पोहण्याच्या तलावाच्या तळाची जाळी. मानसोपचाराच्या अधिकृत वर्गीकरणात या नावाची स्वतंत्र नोंद नाही. उंचीच्या किंवा कुत्र्याच्या भीतीप्रमाणे ती 'विशिष्ट भयगंड' या सदरात मोडते. त्या सदरातील भयगंडांवर उपचार कसे करायचे हे चांगले माहीत आहे, एवढे लक्षात असू दे. नावापाशी मात्र फार रेंगाळू नकोस. त्या नावाने छायाचित्रांचे ढीग पाहत रात्री जागवणे हा उपचार नव्हे, ती खपली काढत बसण्याची सवय आहे.

तुला वाटत असेल की ज्याने तीस वर्षे धरणांवर काढली त्याला हे काय कळणार. म्हणून माझे सांगतो. मी नवव्या वर्षी आमच्या मळ्यातल्या विहिरीत पाठीला वाळलेला भोपळा बांधून पोहायला शिकलो. विहिरीवर डिझेल इंजिन होते आणि त्याचा सक्शन पाइप पाण्यात उतरलेला होता. त्याच्या खालच्या टोकाला फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी आत घेणारी पण परत जाऊ न देणारी झडप, जिला आमच्याकडे सगळे फुटबॉलच म्हणत. एके दिवशी भोपळा सोडून बुडी मारली आणि माझी पोटरी त्या पाइपाला घासली. शेवाळाने बुळबुळीत झालेला, गार, आणि इंजिन चालू असल्यामुळे बारीक थरथरणारा. ते लोखंड जिवंत आहे आणि त्याला मी आल्याचे कळले आहे, अशी माझी खात्री झाली. वर आलो तो पायऱ्या चढून थेट घरी. त्यानंतर दोन वर्षे मी विहिरीत उतरलो नाही आणि दर दिवाळीला काहीतरी नवे कारण सांगत राहिलो. कधी कान दुखतो, कधी अभ्यास आहे. त्या दोन वर्षांत पाइप होता तेवढाच राहिला; माझ्या मनातला पाइप मात्र विहिरीएवढा झाला. भीतीला टाळण्याने खतपाणी मिळते, हे मी पुस्तकात फार नंतर वाचले.

आता ही भीती नेमकी पाण्याखालच्या वस्तूचीच का वाटते, हे तू अभियंता असल्यामुळे तुला हिशेबानेच सांगतो. पाण्यात प्रकाशाचा तांबडा भाग सर्वांत आधी शोषला जातो, त्यामुळे काही मीटर खाली गंज तांबडा दिसत नाही, काळपट दिसतो, आणि ओळखीचे लोखंड अनोळखी वाटते. पाण्यात डोळ्यांवर चष्मा लावून पाहिले तर प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे वस्तू प्रत्यक्ष अंतराच्या पाऊणपट अंतरावर, म्हणजे जवळ आणि मोठी भासते. तीन मीटरवरची जाळी सव्वादोन मीटरवर आल्यासारखी वाटते. आवाजाचे त्याहून विचित्र आहे. हवेत तो सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, पाण्यात सुमारे 1500. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पोचायला त्याला लागणाऱ्या वेळातल्या फरकावरून आपण दिशा ओळखतो, आणि पाण्यात तो फरक इतका कमी होतो की आवाज कुठून येतो हे कळेनासे होते. माझ्या विहिरीतले इंजिन वर काठावर होते, पण बुडी मारल्यावर त्याची घरघर चोहोबाजूंनी, अगदी डोक्याच्या आतून आल्यासारखी वाटे. त्यात जलाशयाच्या गढूळ पाण्यात वस्तूचा शेवट दिसतच नाही. जमिनीवरच्या लोखंडाला सुरुवात आणि शेवट असतो. पाण्यातल्या लोखंडाला फक्त सुरुवात असते, बाकीचे मन स्वतःच रचते. तुझे मन बिघडलेले नाही. अपुऱ्या माहितीवरून ते सर्वांत वाईट शक्यता गृहीत धरते आहे.

आणि इथे मी तुला सांत्वनापेक्षा उपयोगाची गोष्ट सांगणार आहे. तुझ्या भीतीतला काही भाग खरा आहे. दहा मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो. पलीकडची बाजू कोरडी असेल, तर 30 सेंटिमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद भोकावर सुमारे 900 किलोचा भार येतो. त्या भोकावर कोणाचे अंग चिकटले, तर चार माणसांनी दोरीने ओढूनही ते सुटत नाही. एका धरणावर, ज्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, विमोचकाचे, म्हणजे धरणातून पाणी बाहेर सोडण्याच्या मार्गाचे, आपत्कालीन द्वार पूर्ण बसेना म्हणून पाणबुड्याला खाली पाठवले गेले. त्याच्या खालच्या अंगाचे सेवाद्वार, म्हणजे नेहमी पाणी सोडायला वापरायचे द्वार, उघडे होते आणि ते आधी बंद करून घ्यावे, हे कोणाला सुचले नाही. त्या 'कोणाला'मध्ये मीही होतो. द्वाराच्या तळाशी लाकडाचा ओंडका अडकला होता आणि त्या फटीतून पाणी वाहत होते. पाणबुड्याचा पाय त्या फटीकडे ओढला गेला आणि अडकला. दोरीला लागोपाठ झटके आले. आमच्या गेट ऑपरेटरने कोणाच्या हुकमाची वाट न पाहता सेवाद्वार खाली सोडले. दोन द्वारांमधली जागा पाण्याने भरली, दोन्हीकडचा दाब सारखा झाला आणि पाय आपोआप मोकळा झाला. तो माणूस वर आला तेव्हा त्याच्या घोट्याभोवती रबरी सीलचा ठसा उमटलेला होता. त्या रात्री मला झोप आली नाही. आजही पाणबुडा खाली असताना कोणी मोठ्याने हसले तर मला चालत नाही.

म्हणून तुझी भीती सरसकट हुसकावून लावण्याच्या मागे लागू नकोस, आधी ती निवडून घे. बुडालेली भिंत, गाळात रुतलेली कचराजाळी, न फिरणारे चाक यांनी कोणाचेही वाकडे केलेले नाही. वाहते पाणी, दाबातला फरक, कधीही फिरू शकणारा पंखा आणि कुलूप न लावलेला स्विच यांच्याबद्दल मात्र तुला जेवढी वाटते त्याहून थोडी जास्तच भीती वाटायला हवी. कोणी पाण्यात उतरणार असेल तेव्हा वीज बंद करून फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवायचा आणि तो माणूस वर येऊन बसेपर्यंत कोणाच्याही हाती द्यायचा नाही. ज्यांना पाण्याखालच्या लोखंडाचे काहीच वाटत नाही, अशा धाडसी सहकाऱ्यांपेक्षा या कामाला तू अधिक लायक आहेस, असे माझे प्रामाणिक मत आहे.

उरलेल्या भीतीवरचा उपाय जुना आहे. मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1924 साली पीटर नावाच्या लहान मुलाचा प्रयोग प्रसिद्ध केला. सशाला घाबरणाऱ्या त्या मुलाला आवडीचा खाऊ देत पिंजऱ्यातला ससा थोडाथोडा जवळ आणत गेले, आणि शेवटी तो सशाला हाताने कुरवाळू लागला. आजही विशिष्ट भयगंडावर टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याचीच पद्धत मुख्यत्वे वापरतात. तुझा पहिला टप्पा कार्यालयातच आहे. द्वाराचे मूळ रेखाचित्र काढून ते हाताने पुन्हा रेखाट. सील कुठे, चाके कुठे, द्वार ज्यावर टेकते तो उंबरा किती पातळीवर, हे पाठ होईपर्यंत. जे मन पाण्याखाली राक्षस रचते त्याला रचायला खरे भाग दे. दुसरा टप्पा पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीच्या वेळी, पाणी खाली गेलेले असताना त्याच कचराजाळीला कोरड्यात हात लावण्याचा. प्रत्येक टप्प्यापूर्वी आपल्याला काय होईल असे वाटते ते एका ओळीत लिही, आणि नंतर प्रत्यक्षात काय झाले ते त्याखाली लिही. घाबरल्यावर लगेच मागे फिरू नकोस. छातीतली धडधड आपोआप उतरू लागेपर्यंत तिथेच थांब, कारण मध्येच निघालास तर पळाल्यामुळे वाचलो एवढेच मन शिकते. मात्र झोप उडाली, कामावर जाणेच बंद झाले, तर माझ्या पत्रावर विसंबू नकोस, जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. स्वतःला एकदम खोल पाण्यात ढकलून देणे हा पुरुषार्थ माझ्या मते निव्वळ मूर्खपणा आहे.

तिसऱ्या टप्प्यासाठी मी तुला गोव्यात नेणार आहे. सांगे तालुक्यातले कुर्डी हे गाव गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे ते गाव. दर वर्षी मे महिन्याच्या सुमारास पाणी ओसरते, घरांचे चौथरे आणि सोमेश्वराचे देऊळ वर येते, आणि इतरत्र वसवलेले गावकरी तिथे परत येऊन उत्सव करतात. उजनीत बुडालेले पळसदेवचे मंदिरही असेच पाणी फार खाली गेले की उघडे पडते, पण कुर्डीला हे दर वर्षी घडते, म्हणून आपल्या कामाचे तेच. ज्यांचे घर पाण्याखाली आहे ती माणसे त्या पाण्याकडे कशी पाहतात, हे तू एकदा जवळून बघावेस असे मला वाटते. आपण एखाद्या चौथऱ्यावर बसून डबा खाऊ आणि तिथून दिसणाऱ्या खुणा तुझ्या वहीत काढून ठेवू. मग पावसाळ्यात पुन्हा येऊ, धरणाच्या अर्धगोल सांडव्यावरून पाणी कोसळत असताना कठड्याशी उभे राहू, आणि आपण जिथे जेवलो ती जागा त्या पाण्याखाली कुठे असेल ते वहीवरून तू मला सांगशील. सांडव्याकडे पाहवले नाही तर वहीकडे पाहा, हरकत नाही.

मेच्या दुसऱ्या शनिवारी पहाटे पाचला सावंतवाडीच्या स्थानकावर ये, तिथून माझ्या गाडीने जाऊ. गाळ वरून वाळलेला दिसतो पण आत ओला असतो, तेव्हा चपला नकोत, बूट आण. आणि द्वाराचे रेखाचित्र विसरू नकोस. उंबऱ्याची पातळी मी तुला वाटेत विचारणार आहे.

तुझा शुभचिंतक