४१५ची बासरी विकून कार्डाची थकबाकी फेडावी का?

तुमचा मेल वाचला आणि खरं सांगायचं तर त्या फोटोंकडेच बराच वेळ बघत बसले, तुमच्या बासरीच्या बॉक्सवुड लाकडाचा तो मधासारखा रंग मला फार आवडतो. असो, मुद्द्यावर येते. तुम्ही जे लिहिलंय ते थोडक्यात असं, की सात वर्षांपूर्वी तुम्हाला बासरी शिकवणाऱ्या मॅडमकडून वापरलेली बरोक बासरी म्हणजे ट्रॅव्हर्सो घेतली, ब्रुसेल्सच्या रोटेनबर्ग या कारागिराच्या १८व्या शतकातल्या बासरीवरून आजच्या एका कारागिराने बनवलेली, एका चावीची, ४१५ला (म्हणजे ए सूर ४१५ हर्ट्झचा) लागणारी. गेली दोन वर्षं ती केसमध्येच पडून आहे. इकडे क्रेडिट कार्डाची थकबाकी चढलीय, महिना ३ टक्के व्याज, आणि बासरी विकली तर खर्च वजा जाता थकबाकीचा साधारण ६० टक्के भाग फिटेल असा तुमचा अंदाज. दादा म्हणतो जुनी चीज आहे, ठेव, किंमत वाढत जाईल. मैत्रीण म्हणते विक आणि पैसे इंडेक्स फंडात टाक.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते: विका, आणि आलेला पैसा कार्डात भरा. फंडाचं नंतर बघू.

दादाच्या म्हणण्यात एक गोंधळ आहे तो आधी सोडवू या, कारण खूप जण त्यात फसतात. प्रतिकृती म्हणजे अँटिक नव्हे. मूळ रोटेनबर्ग बासऱ्या मोजक्याच उरल्यात, संग्रहालयांत आणि काही वादकांकडे, आणि त्यांना इतिहासाची किंमत आहे. तुमची बासरी त्यांच्या मोजमापांवरून घडवलेली आहे, आणि अशी दुसरी आजही कुणीतरी लेथवर घडवू शकतो. म्हणून तिच्या किमतीला एक छत असतं आणि ते छत म्हणजे त्याच कारागिराकडच्या नव्या बासरीची किंमत. वापरलेली बासरी त्या छताच्या जवळ जाते ती एकाच कारणाने, कारागीर नावाजलेला असेल आणि त्याच्याकडे ऑर्डर देऊन वर्ष दोन वर्षं थांबावं लागत असेल, किंवा त्याने काम बंद केलं असेल तर. तेव्हा पहिला मेल त्या कारागिराला करा, आत्ताची किंमत काय आणि किती दिवस थांबावं लागतं एवढंच विचारा, तुमची किंमत ठरवायला तेवढं पुरतं.

शिवाय लाकूड हे सोनं नाही हो. लाकूड सुकताना सगळीकडून सारखं आकसत नाही, वर्तुळाकार कड्यांच्या दिशेने जास्त आकसतं आणि गाभ्याकडून बाहेरच्या दिशेने कमी, त्यामुळे गोल भोक हळूहळू अंडाकृती होत जातं आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाने फरक पडला तरी वरच्या सप्तकात कान लगेच तक्रार करतात. म्हणजे नुसतं ठेवून किंमत वाढेल ही आशा ज्या वस्तूवर ठेवायची तीच आतून बदलतेय.

आता हिशोब. महिना ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६ असं तुम्ही धरलंय, पण व्याजावर व्याज चढतं, त्यामुळे ते वर्षाला ४२.६च्या आसपास जातं. थकबाकी १०० धरा, बासरीचे ६० येणार. ते ६० आज न भरता कार्डावर राहू दिले तर वर्षाने त्याच ६०चे साडेपंच्याऐंशी होतात. म्हणजे बासरी ठेवण्यात फायदा व्हायचा तर तिची किंमत एका वर्षात ४२ टक्क्यांहून जास्त वाढायला हवी, आणि मी वर सांगितलं तसं छत आहे. मैत्रिणीच्या सल्ल्याचंही तेच, फंड चांगलाच आहे पण ४२ टक्के खात्रीने देणारा फंड कुठेच नसतो, आणि कार्ड मात्र ४२ टक्के खात्रीने घेतं. कर्ज फेडणं हीच इथली सगळ्यात चांगली गुंतवणूक आहे.

याच हिशोबातून अजून एक गोष्ट निघते जी लोकांच्या लक्षात येत नाही. "चांगला गिऱ्हाईक येईपर्यंत थांबू" असं वाटतं ना, पण तीन महिने थांबलात तर तेवढ्यात ९.२७ टक्के व्याज चढलं. मग तीन महिन्यांनी कुणी १० टक्के जास्त दिले तरी हाती जवळपास काहीच जास्त आलं नाही. म्हणून मी म्हणते की आजच मनाशी एक खालची किंमत ठरवा, त्याखाली द्यायची नाही, आणि सहा आठवड्यांची मुदत ठेवा. मुदत संपली की दुकानात कमिशनवर ठेवायची किंवा किंमत थोडी उतरवायची, पण परत केसमध्ये ठेवून विसरायची नाही.

गिऱ्हाईक कोण हेही नीट समजून घ्या. आजचा ए सूर ४४० हर्ट्झचा, तुमचा ४१५चा, जवळपास बरोबर अर्ध्या स्वराने खाली. म्हणजे ऑर्केस्ट्रात बोएमच्या पद्धतीची, म्हणजे आजची बऱ्याच चाव्यांची बासरी वाजवणाऱ्याला ती सरळ वापरता येत नाही, घेणारे फक्त बरोक संगीत वाजवणारे आणि शिकणारे. पण त्यांच्यासाठी ४१५ हाच नेहमीचा सूर आहे, हे तुमचं नशीब. ३९२ची फ्रेंच पद्धतीची असती तर गिऱ्हाईक आणखी कमी झाले असते. सोबत दुसऱ्या सुराचा जादा मधला जोड, म्हणजे बासरीचा बदलता येणारा मधला तुकडा, आला असेल तर तो शोधून काढाच, त्याच्यासकट भाव वेगळा लागतो.

फोटोत मला एक गोष्ट खटकली. डोक्याच्या जोडाच्या खालच्या टोकाला, जिथे दुसरा जोड आत शिरतो तिथे, एक बारीक काळी रेघ दिसतेय. ती लाकडाची नैसर्गिक रेघ असू शकते किंवा तडा. तडे बहुतेक तिथेच जातात, कारण जोडावर गुंडाळलेला दोरा ओलाव्याने फुगतो आणि बाहेरच्या पातळ भिंतीला आतून दाबतो. उजेडात धरून नखाने हळूच बघा, नख अडकलं तर तडा. असेल तर वाद्य दुरुस्त करणाऱ्याला दाखवा आणि जाहिरातीत ते स्पष्ट लिहा. माझ्या एका क्लायंटने असाच तडा लिहिला नव्हता, घेणाऱ्याने आठवडाभर वाजवून बासरी परत पाठवली, आणि दोन्ही बाजूंचा पाठवणीचा खर्च आणि विमा माझ्या क्लायंटच्याच गळ्यात पडला. दुरुस्त केलेल्या तड्याने भाव थोडा उतरतो, लपवलेल्या तड्याने सौदाच मोडतो.

आणि हो, दोन वर्षं न वाजवलेली बासरी लगेच कुणाच्या हातात देऊ नका. आतून कोरडी झालेली असणार, तेलाचा हलका हात फिरवा, मग रोज दहा मिनिटं वाजवा, दोन आठवड्यांत हळूहळू वाढवत न्या. कोरड्या लाकडात कुणी पहिल्याच दिवशी तासभर गरम ओली हवा फुंकली तर नसलेला तडाही जाईल. शिवाय तुम्ही स्वतः वाजवून साधं रेकॉर्डिंग केलंत तर त्याचा फोटोंपेक्षा जास्त उपयोग होतो.

जाहिरातीत कारागिराचं नाव, बनवल्याचं साल, कशावरून बनवली, लाकूड, सूर हे सगळं लिहा आणि "प्रतिकृती" हा शब्द पहिल्याच ओळीत येऊ द्या. दुसऱ्या देशात पाठवणार असाल तर लाकूड कोणतं हे कागदावर हवंच. २०१७ साली डाल्बर्जिया जातीच्या सगळ्या लाकडांवर साइट्सचे, म्हणजे दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आले होते, त्यात वाद्यांसाठी वापरलं जाणारं ग्रेनॅडिला हे काळं लाकूडही आलं, २०१९च्या शेवटी तयार वाद्यांना बऱ्याच अंशी सूट मिळाली. बॉक्सवुड त्या जातीचं नाही, पण जोडांवरच्या पांढऱ्या कड्या खऱ्या हस्तिदंताच्या नाहीत, कृत्रिम आहेत, हे कारागिराकडून लिहून घ्या. पैसे खात्यात पक्के जमा झाल्याशिवाय पार्सल हलवायचं नाही, आणि विमा पूर्ण किमतीचा.

तुम्ही लिहिलंय "पुढे परिस्थिती सुधारली की परत घेईन". इथे मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. विकताना कमी येतात, परत घेताना जास्त द्यावे लागतात, मध्ये वेटिंग, आणि नवी बासरी वाजवून वाजवून मोकळी करायला महिने जातात. म्हणून तुम्ही आजही आठवड्यातून तीन-चार दिवस ती वाजवत असता तर मी विका म्हटलंच नसतं, दुसरीकडे खर्च कापायला सांगितलं असतं. पण दोन वर्षं हात लागलेला नाही. आणि वाजवावंसं वाटलंच तर आउलोस कंपनी स्टेन्सबी ज्युनिअर या १८व्या शतकातल्या कारागिराच्या बासरीवरून प्लास्टिकची ४१५ बनवते, लाकडी बासरीच्या मानाने फारच स्वस्त, तडा जायची भीती नाही, बोटं विसरत नाहीत. थकबाकी शून्य झाल्यावर ती घ्या, आधी नको.

पैसे आले की त्याच दिवशी कार्डात भरा, उरलेल्या ४०साठी बँकेकडे कमी व्याजाचं हप्त्यांचं कर्ज मागा, आणि तोवर कार्ड वापरू नका. विक्रीवर टॅक्स लागतो का हे तुमच्याकडच्या नियमांवर आहे, तेवढं जाहिरातीच्या आधी विचारून घ्या, आणि मॅडमकडून घेतल्याची पावती किंवा मेल सापडला तर जपून ठेवा.

शेवटी तुम्ही विचारलंय की मॅडमना सांगायला लाज वाटते, गुपचूप विकू का. नका हो. पहिला फोन त्यांनाच करा. ती बासरी त्यांनी वर्षानुवर्षं वाजवलीय, तिचे गुणदोष त्यांना तोंडपाठ आहेत, आणि ४१५ची चांगली बासरी शोधत असलेला एखादा विद्यार्थी त्यांना नक्की माहीत असेल. तसा कुणी मिळाला तर कमिशन नाही, परदेशी पाठवणी नाही, सहा आठवडे थांबणंही नाही.