जक्कय झाडावरून उतरेना

प्रिय पोरी,

जय ख्रिस्त.

तू पाठवलेलं तुझ्या बालवाडीच्या वर्गाचं वेळापत्रक वाचलं. चौकटी छान आखल्या आहेस. प्रार्थना, गाणं, गोष्ट, गोष्टीवर प्रश्न, रंगकाम, आणि मग खाऊच्या आधी उरलेली वीस मिनिटं खेळाला. मीही पहिली दोन वर्षं अस्संच करायचे, म्हणून रागावत नाही.

पण माझा एक सोमवार ऐक. सकाळी बायबलमधली जक्कयाची गोष्ट सांगितली. बुटका जकातदार, गर्दीत येशू दिसेना म्हणून उंबरावर चढला, आणि येशू खालून म्हणाला, उतर लवकर, आज तुझ्याच घरी यायचंय. एवढ्यावर थांबले. जक्कय लोकांचे पैसे चौपट परत करतो ते चार वर्षांच्या पोरांना काय कळणार? एरवी लगेच ‘मग आपण यातून काय शिकलो?’ सुरू केलं असतं, पण त्या दिवशी माझा घसा पार बसला होता. आवाजच फुटेना. भातुकलीची टोपली आणि ओल्या मातीचं घमेलं पुढे सरकवलं आणि भिंतीला टेकून बसले.

एक पोरगा पालथ्या खोक्यावर चढला. तो जक्कय. खालून येशूनं तीनदा हाक मारली तरी उतरेना. म्हणे, “घरी भाकरी नाहीये.” झालं, सगळा वर्ग भाकऱ्या थापायला बसला. एकीनं तर हाताला लागलेलं पीठ ताटलीच्या काठावर निपटलं, थेट तिच्या आईसारखं. पीठ कसलं, मातीच ती.

मग पानं मांडायची वेळ आली. ताटल्या चार, जेवणारे पाच. वाढणारी मुलगी एकेकापुढे ताटली ठेवत गेली, शेवटचा उरला. तिनं सगळ्या गोळा केल्या आणि दुसऱ्या टोकापासून पुन्हा मांडल्या. पुन्हा एक जण उरलाच! माझ्या ओठावर ‘अगं, चारच आहेत’ आलं होतं, पण आवाज नव्हता ना. ती जरा वेळ उभी राहिली, अंगणात गेली आणि बदामाचं पान घेऊन आली. “हे तुझं ताट.” मी महिनाभर फळ्यावर चेंडू काढून एकास एक जोडी लावायला शिकवत होते. ते तिनं तिथं करून टाकलं.

जेवायच्या वेळी दोन येशू निघाले. भांडण झालं, मग दोघंही जेवले. आधी हात जोडले सगळ्यांनी, कुणी न सांगता. एक जण एक डोळा किलकिला करून भाकरीवर लक्ष ठेवून होता.

तेव्हा खेळाला तासभर दे, आणि गोष्टीच्या लगेच पाठोपाठ दे. तुझ्या वर्गात सगळी मुलं काही ख्रिस्ती घरातली नाहीत. गोष्टीवर परीक्षा घेतलीस तर ती बावरतात; भाकऱ्या थापताना कोण कुठला, ते कुणी बघत नाही. चिंचोके मात्र तीन वर्षांच्यांपुढे ठेवू नकोस. आमच्याकडे एकानं नाकात घातला होता. डॉक्टरांकडे जाईपर्यंत माझा जीव टांगणीला.

संध्याकाळी वहीत दोन-तीन मुलांबद्दल दोन-दोन ओळी लिही. बदामाचं पान, मोडलेली भाकरी, असलं काहीही. पालक ‘लिहायला कधी घेणार?’ विचारतील तेव्हा ती वही पुढे कर. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ३ ते ८ वयाचा टप्पा खेळातून शिकण्याचाच धरलाय, तेही सांग. चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना धोरणबिरण पटत नाही. त्यांच्यापुढे पंडिता रमाबाईंचं नाव घ्यावं. १८८६ साली अमेरिकेला गेल्यावर रमाबाईंनी जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलची ही खेळातून बालशिक्षणाची पद्धत तिथं मुद्दाम शिकून घेतली होती. आणि फ्रोबेल स्वतः एका पाळकाचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूचा, मुलगा. पाळकसाहेबांना हे ऐकायला आवडतं, माझा अनुभव आहे.

आवरायला पंधरा मिनिटं धर. ताटल्या विसळणं त्यांना भातुकलीहून जास्त आवडतं, फक्त पाणी अर्धी बादलीच ठेव.

आणि मधे बोलायचा मोह आवरला नाही तर तोंडात लवंग धर. माझा घसा बरा झाल्यावर मी तेच करायचे.

तुझी,
जुनी बाई